अर्ध्या-पाऊण तासात गाडी चार्ज होते कशी? हिंजवडीच्या निमित्ताने फास्ट चार्जिंगचं गणित

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्ककडे सकाळी जाणाऱ्या वाहनांच्या रांगेत आता हिरव्या नंबर प्लेट सहज दिसतात. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी खासगी, पिवळी अक्षरं असतील तर ती भाड्याने चालणारी. या पिवळ्या अक्षरांच्या गाड्या आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाच्या आहेत. आयटी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या कॅब, वाकड आणि भूमकर चौकातल्या रिक्षा, माल पोहोचवणारे छोटे टेम्पो यांच्या स्टिअरिंगवर आपली अनेक माणसं आहेत. त्यांच्यासमोर आज एकच प्रश्न आहे: पुढची गाडी सीएनजी घ्यायची की इलेक्ट्रिक?

विक्रेता म्हणतो, "फास्ट चार्जर आहे ना, चहा प्या, तोवर गाडी तयार." शेजारचा म्हणतो, "फास्ट चार्जिंगने बॅटरी खलास होते." तिसरा सांगतो की पाचपट खर्च येतो. या तिन्ही बोलण्यांत थोडं खरं आणि थोडं अर्धवट आहे. आपल्याकडे अनेक घरांत व्याजाचं कर्ज टाळण्याचा आग्रह असतो. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे एकदम गाडीत जातात. म्हणून घाई करण्याआधी ही यंत्रणा चालते कशी, हे समजून घ्यायला हवं. आम्ही इथे ते सोप्या भाषेत मांडत आहोत.

आधी किलोवॅट आणि युनिट वेगळे करू

सगळा गोंधळ या दोन शब्दांतून सुरू होतो. घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत किती पाणी मावतं, ते झालं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. नळातून पाणी किती जोराने येतं, ते झालं किलोवॅट. गाडीची बॅटरी ३० युनिटची आहे, याचा अर्थ टाकी ३० ची. चार्जर ३० किलोवॅटचा आहे, याचा अर्थ नळ तासाला ३० युनिट सोडू शकतो.

घरातला १५ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट बघा. २३० व्होल्ट गुणिले १५ अँपिअर, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. प्रत्यक्षात गाडी त्यातून सव्वातीन किलोवॅटच्या आसपास घेते. ३० युनिटची टाकी या नळाने भरायला नऊ-दहा तास लागतात. रात्री दहाला लावली तर सकाळी तयार. भिंतीवर बसवलेला ७.२ किलोवॅटचा डबा हेच काम साडेचार-पाच तासांत करतो, मात्र गाडी तेवढी वीज घेणारी हवी. सार्वजनिक ठिकाणचे फास्ट चार्जर साधारण २५-३० किलोवॅटपासून सुरू होतात. पुढे ६०, १२० आणि त्याहून मोठेही असतात.

म्हणजे फास्ट चार्जिंगमध्ये नळच मोठा केलेला असतो. मग हा मोठा नळ घरी का बसवत नाहीत? त्याचं उत्तर विजेच्या दोन प्रकारांत आहे.

एसी आणि डीसी

महावितरणकडून घरी येते ती एसी वीज. इथे एसी म्हणजे थंड हवेचं यंत्र नव्हे, प्रत्यावर्ती प्रवाह. ही वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, एका सेकंदात अशी ५० आवर्तनं होतात. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते. मोबाइलच्या चार्जरचा छोटा चौकोनी ठोकळा हेच काम करतो: भिंतीतली एसी घेऊन फोनला डीसी देतो.

इलेक्ट्रिक गाडीतही असा एक ठोकळा आतच बसवलेला असतो. त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. गाडीत जागा कमी, वजनाला मर्यादा, आणि हा ठोकळा तापतोही. त्यामुळे कंपन्या तो लहानच ठेवतात, बहुतेक ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचा, काही गाड्यांत ११ किलोवॅटचा. तुम्ही एसी चार्जर कितीही मोठा आणा, गाडीतला ठोकळा ३.३ चा असेल तर वीज तेवढीच आत जाणार.

फास्ट चार्जर ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडवतो. तो एसीची डीसी करण्याचं काम गाडीबाहेर, कपाटाएवढ्या पेटीत करतो. तिथे जागेची आणि वजनाची चिंता नाही, मोठे पंखे लावता येतात. तयार डीसी वीज जाड केबलमधून, गाडीतला छोटा ठोकळा वगळून, थेट बॅटरीपर्यंत जाते. फास्ट चार्जिंगचं मूळ तत्त्व एवढंच आहे.

भारतातल्या बहुतेक नव्या चारचाकी गाड्यांना सीसीएस-२ नावाचा सॉकेट असतो. त्याच्या वरच्या गोल भागात घरच्या एसी चार्जिंगच्या पिना असतात आणि खाली दोन जाड पिना. फास्ट चार्जरची डीसी वीज या खालच्या दोन पिनांतून जाते. पहिल्या काळातल्या काही गाड्यांसाठी 'भारत डीसी-००१' हा १५ किलोवॅटचा वेगळा प्रकार होता. जुनी गाडी सेकंडहँड घेत असाल तर सॉकेट कोणता आहे, ते आधी बघा. काही स्वस्त आणि छोट्या गाड्यांत डीसीच्या पिनाच नसतात. अशी गाडी फास्ट चार्जरसमोर उभी केली तरी उपयोग नाही.

प्लग लावल्यावर पहिल्या मिनिटात काय घडतं?

पेट्रोल पंपावर नळी टाकली की लगेच पेट्रोल सुरू होतं. इथे तसं होत नाही. केबल जोडल्यावर आधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. गाडी सांगते की माझी बॅटरी इतक्या व्होल्टची आहे, आत्ता इतकी भरलेली आहे, मला जास्तीत जास्त इतका प्रवाह चालेल. चार्जर आपली क्षमता सांगतो. मग प्लग गाडीत कुलूपबंद होतो, ओढला तरी निघत नाही. त्यानंतर चार्जर केबलमधून कुठे वीज गळत नाही ना, याची तपासणी करतो. सगळं ठीक असेल तर तो आपला व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजइतका आणतो, आणि मगच गाडीतले मोठे स्विच जोडले जातात. 'टक्' असा आवाज येतो तो त्यांचाच.

यानंतरही सूत्रं गाडीच्या हातात असतात. बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि बॅटरीचं तापमान मोजत राहते आणि 'आता इतके अँपिअर दे' असं चार्जरला क्षणोक्षणी कळवते. चार्जर हुकूम मानतो. म्हणून ३० किलोवॅटच घेऊ शकणारी गाडी १२० किलोवॅटच्या चार्जरला लावली तरी ती ३० च घेते. त्यात धोका नाही आणि फायदाही नाही. गाडी विकत घेताना चार्जरचा आकडा ऐकून भुलू नका, गाडी किती घेते ते विचारा.

पावसाळ्यात चार्जिंग करावं का, असंही अनेक जण विचारतात. जोडणी पूर्ण होऊन तपासणी होईपर्यंत पिनांमध्ये मोठी वीज येतच नाही, आणि सॉकेट पाऊस गृहीत धरूनच बनवलेले असतात. त्यामुळे साध्या पावसात अडचण नाही. पण पाणी साचलेल्या ठिकाणी, तुटक्या केबलने किंवा सॉकेटमध्ये चिखल असताना चार्जिंग करू नये.

८० टक्क्यांनंतर वेग का मंदावतो?

कंपन्यांच्या जाहिरातीत नेहमी '१० ते ८० टक्के इतक्या मिनिटांत' असं लिहिलेलं असतं. शंभर टक्क्यांचं कोणी बोलत नाही. त्यामागे बॅटरीची रचना आहे.

लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं. पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. त्याचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. चार्जिंग होताना लिथियमचे कण दुसऱ्या बाजूने निघून या थरांच्या मधल्या जागेत येऊन बसतात. गाडी चालते तेव्हा ते परत जातात.

जुम्म्याच्या दिवशी मशीद कशी भरते ते आठवा. सुरुवातीला येणाऱ्यांना सफा रिकाम्या असतात. माणसं झपाझप आत येतात आणि बसतात. खुतबा सुरू व्हायची वेळ झाली की उरलेल्या एखाद-दुसऱ्या जागा शोधत, वाट काढत आत जावं लागतं. दारातून येणाऱ्यांचा लोंढा तेवढाच राहिला तर माणसं दारात आणि जिन्यावरच अडकतात, रस्ता बंद होतो.

बॅटरीतही तसंच होतं. रिकामी असताना कण वेगाने आत घेता येतात. भरत आली की प्रत्येकाला जागा मिळायला वेळ लागतो. तरीही जोर लावला तर कण थरांत न शिरता ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतात. हे साचलेलं लिथियम पुढे पूर्णपणे कामी येत नाही. बॅटरीची क्षमता घटते, आणि प्रमाण वाढलं तर आत शॉर्टसर्किटचा धोकाही निर्माण होतो. हे टाळण्यासाठी बीएमएस व्होल्टेज ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचला की प्रवाह कमी करत जाते. शेवटच्या २० टक्क्यांना कधीकधी पहिल्या ६० टक्क्यांइतका वेळ लागतो.

याचा सरळ व्यावहारिक अर्थ असा की फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांना केबल काढावी. आपला वेळ वाचतो आणि मागे उभ्या असलेल्या भावाचाही. शंभर टक्के भरायची असेल तर ती घरी, रात्री, हळू भरावी. काही बॅटऱ्यांना, विशेषतः एलएफपी प्रकारच्या, अधूनमधून पूर्ण चार्ज करण्याची सूचना कंपनीच देते. ती माहितीपुस्तिकेत बघून पाळावी.

फेज शहरातला शास्त्रज्ञ

ग्राफाइटच्या थरांत लिथियमचे कण पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू शकतात, हे दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव आपल्या वाचकांना माहीत असायला हवं. राशिद यझामी. १९५३ मध्ये मोरोक्कोच्या फेज शहरात त्यांचा जन्म झाला. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे संशोधन करताना १९८० च्या सुमारास त्यांनी हा शोध लावला. जपानच्या सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे ग्राफाइटची ही बाजू जगभरच्या बॅटऱ्यांत रूढ झाली. आपल्या हातातला मोबाइल असो की हिंजवडीतली कॅब, दोन्हींच्या आत ते काम आहे.

२०१४ मध्ये अमेरिकेचा अभियांत्रिकीतला मानाचा ड्रेपर पुरस्कार यझामी यांना जॉन गुडइनफ, योशिओ निशी आणि अकिरा योशिनो यांच्यासोबत मिळाला. २०१९ मध्ये याच बॅटरीसाठी रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना जाहीर झालं. नोबेल एका विषयात जास्तीत जास्त तिघांनाच दिलं जातं. यझामी यांनी नंतर बॅटरी कमी वेळात सुरक्षितपणे कशी चार्ज करता येईल, यावरही संशोधन केलं. दहावी-बारावीत विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना हे नाव जरूर सांगा.

उष्णता हा खरा शत्रू

तारेतून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. त्यामुळे नुसते अँपिअर वाढवत गेलं तर केबल मनगटाएवढी जाड करावी लागेल आणि बॅटरीही तापेल. यावर उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. ४०० व्होल्टवर १५० अँपिअर दिले तर ६० किलोवॅट होतात. ८०० व्होल्टवर त्याच १५० अँपिअरमध्ये १२० किलोवॅट मिळतात. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही ६ या गाड्या अशा ८०० व्होल्टच्या रचनेवर आहेत. योग्य चार्जर मिळाला तर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत, असं कंपन्या सांगतात. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांसाठी २० ते ८० टक्के २० मिनिटांत असा कंपनीचा दावा आहे, पण त्यासाठी १७५ किलोवॅटच्या आसपासचा चार्जर लागतो. जवळ ६० किलोवॅटचाच चार्जर असेल तर तो वेळ विसरा.

आजच्या बहुतेक चारचाकी इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीभोवती थंड ठेवणारं द्रव फिरतं. तरी पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी, उन्हात धावून आलेली गाडी थेट फास्ट चार्जरला लावली तर बीएमएस वेग कमी करू शकते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहापर्यंत उतरला की थंडीमुळेही वेग कमी होतो, कारण थंड बॅटरीत कणांची हालचाल मंदावते.

मग रोज फास्ट चार्जिंग केलं तर बॅटरी खराब होते का? थोडी जास्त झिजते, हे खरं. पण गाडी बंद पडते, हे खरं नाही. बीएमएस आपलं काम करत असते. आठवड्यातून एक-दोनदा किंवा लांबच्या प्रवासात फास्ट चार्जिंग केल्याने काळजीचं कारण नाही. दिवसातून दोनदा, वर्षभर, फक्त फास्ट चार्जरवरच गाडी चालवली तर मात्र त्याचा हिशोब ठेवावा लागेल. भाड्याच्या गाडीवर बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, आणि फास्ट चार्जिंगबद्दल काही अट आहे का, हे लेखी मागून घ्या. खासगी आणि व्यावसायिक वापराच्या वॉरंटीत फरक असू शकतो.

कॅबचालकाचं रोजचं गणित

आता मुद्द्याची गोष्ट. एक उदाहरण घेऊ. यातले दर समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या भागातले आजचे दर टाकून बघा.

समजा, हिंजवडी, वाकड, विमानतळ अशा फेऱ्या धरून कॅब दिवसाला २०० किलोमीटर चालते. शहरात एका युनिटला सात किलोमीटर पकडले तर सुमारे २९ युनिट लागतात. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मीटरवर ३२ युनिट धरू.

घरी किंवा पार्किंगमध्ये युनिट १० रुपयांना पडलं, तर दिवसाचे ३२० रुपये. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिट २० रुपये धरलं तर ६४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागत असेल तर सुमारे ७५५ रुपये. आणि सीएनजी? किलोला २५ किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला तर २०० किलोमीटरला ८ किलो, म्हणजे ७२० रुपये.

पुन्हा एकदा बघा: ३२०, ७५५ आणि ७२०. घरी चार्जिंगची सोय आहे त्याची दिवसाला ४०० रुपये बचत. २६ दिवस गाडी चालली तर महिन्याला १० हजारांहून जास्त. आणि जो पूर्णपणे फास्ट चार्जरवर अवलंबून आहे, त्याची इंधनात बचत जवळजवळ शून्य. शिवाय रोज तास-दीड तास चार्जरवर जातो, रांग असेल तर त्याहून जास्त. तो वेळ म्हणजे एक-दोन भाडी.

एकच गाडी दोन भावांनी घेतली, एकाच्या घराखाली प्लग आहे आणि दुसरा चाळीत राहतो, तर एकाला ती फायद्याची आणि दुसऱ्याला तोट्याची ठरू शकते. गाडी तीच, पण निकाल वेगळा. इलेक्ट्रिक गाडी परवडते की नाही, याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही, ते गाडी रात्री कुठे उभी राहते यावर ठरतं.

घरच्या मीटरबद्दल एक सावधगिरी हवी. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. वापर १०० आणि ३०० युनिटच्या पुढे गेला की प्रत्येक युनिट महाग होत जातं. रोज ३२ युनिट म्हणजे महिन्याला आठशेच्या वर. हे घरच्याच मीटरवर टाकलं तर १० रुपयांचा आपला हिशोब कोसळतो. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे. आपल्या जागेत त्यासाठी वेगळं कनेक्शन मिळेल का आणि दर काय पडेल, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात गाडी घेण्याआधी विचारा. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली आहे. रात्रपाळी करणाऱ्या चालकाला तिचा उपयोग होऊ शकतो.

स्कूटर आणि रिक्षाचं काय?

दुचाकीचं गणित खूप सोपं आहे. आकुर्डीला तयार होणाऱ्या चेतकसारख्या स्कूटरची बॅटरी तीन-साडेतीन युनिटच्या आसपास असते. ती घरच्या प्लगवर काही तासांत भरते आणि महिन्याचं बिलही फार वाढत नाही. दुचाकींच्या फास्ट चार्जिंगचा खरा प्रश्न म्हणजे प्रत्येक कंपनीचा वेगळा प्लग. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये हलक्या वाहनांसाठी एसी आणि डीसी दोन्ही चालणारा एक देशी प्लग मान्य केला. तो एथर कंपनीच्या रचनेवर आधारलेला आहे. सगळ्यांनी तो स्वीकारेपर्यंत आपल्या स्कूटरला कोणता प्लग आहे, हे बघूनच चार्जर शोधावा लागेल.

इलेक्ट्रिक रिक्षांची बॅटरी साधारण सात-आठ ते दहा-बारा युनिटची असते. त्यामुळे रात्रभर साध्या १५ अँपिअर प्लगवर ती आरामात भरते. रिक्षावाल्याला फास्ट चार्जरपेक्षा सुरक्षित पार्किंग आणि एक चांगला प्लग जास्त गरजेचा आहे. पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस २०१९ मध्ये सुरू झाल्या, तेव्हाही आधी भेकराईनगर आणि निगडीच्या डेपोत चार्जिंगची सोय करावी लागली. मोठी संस्था असो की एकटा रिक्षावाला, गाडीच्या मुक्कामाची जागा आधी ठरवावी लागते.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्यावर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला आणि देशभर चर्चा झाली. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुनी, त्याआधीची स्वस्त गाडी घेताना हे लक्षात ठेवा. घरात चार्जिंगसाठी वेगळी जाड वायर, चांगलं अर्थिंग, एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड, खिडकीतून सोडलेली वायर आणि दुसऱ्याच कंपनीचा चार्जर, या तिन्ही गोष्टी नकोतच. जिन्याच्या तोंडाशी किंवा घराच्या एकमेव दारात स्कूटर चार्जिंगला लावू नका.

हिंजवडीत चार्जर वाढले तर वीज पुरेल का?

६० किलोवॅटचा एक फास्ट चार्जर चालू झाला म्हणजे तीन किलोवॅट मंजूर भार असलेली वीस घरं एकाच वेळी पूर्ण भाराने चालू झाल्यासारखं आहे. असे चार चार्जर एका जागी असतील तर साध्या गल्लीतल्या तारांवर ते चालत नाहीत. वेगळा ट्रान्सफॉर्मर, उच्चदाबाची जोडणी आणि त्याचा मासिक स्थिर आकार लागतो. सार्वजनिक फास्ट चार्जिंग महाग असण्याचं एक मोठं कारण हेच आहे. गाड्या कमी आल्या तरी मालकाला हा आकार भरावाच लागतो.

हिंजवडीने विजेवरचं अवलंबित्व किती नाजूक असतं हेही पाहिलं आहे. जुलै २०२५ मध्ये महापारेषणच्या अतिउच्चदाब भूमिगत वाहिनीत बिघाड झाला आणि परिसरातल्या हजारो ग्राहकांची वीज गेली. अशा वेळी पेट्रोलची गाडी निदान पुढच्या पंपापर्यंत जाते. म्हणून इलेक्ट्रिक गाडी कधीच २० टक्क्यांच्या खाली न उतरवण्याची सवय चांगली.

ट्रॅफिकची गोष्ट मात्र उलटी आहे. हिंजवडीच्या कोंडीत पेट्रोल गाडीचं इंजिन उभ्या उभ्या जळत राहतं. इलेक्ट्रिक गाडी थांबली की मोटर वीज घेत नाही, फक्त थंड हवेच्या यंत्राला आणि दिव्यांना थोडी लागते. ब्रेक दाबताना काही ऊर्जा परत बॅटरीत जाते. घाटातही हा हिशोब दिसतो. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर. दीड टनाची गाडी मुंबईहून पुण्याला चढवून आणायला नुसत्या चढाईसाठी दोन-सव्वादोन युनिट जास्त लागतात, आणि जाताना उतारावर त्यातला काही भाग परत मिळतो. मुंबईहून येताना चार्ज थोडा जास्त ठेवा, तो याच कारणाने.

लांबच्या प्रवासासाठी सरकारनेही काही पावलं उचलली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार आणि बसना टोलमाफी, तसंच राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय, अशी उद्दिष्टं आहेत. ईदला सोलापूर, कोल्हापूर किंवा कोकणात गावी जाणाऱ्या कुटुंबांना त्याचा फायदा आहे. फक्त ईदच्या आदल्या दिवशी चार्जरवर रांग असणार, हे धरून निघा. आणि एका चार्जरच्या भरवशावर राहू नका, पुढचा पर्यायी चार्जर आधीच शोधून ठेवा.

आपल्या संस्था काय करू शकतात?

वरच्या हिशोबातून एक गोष्ट स्पष्ट होते. गरीब चालकाची खरी गरज आहे रात्री गाडी लावायला जागा आणि हळू चार्ज करणारा साधा प्लग. त्याला फार मोठी गुंतवणूक लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं की वाहन चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही. ज्या ट्रस्टकडे, शाळेकडे किंवा शादीखान्याकडे मोकळं आवार आहे, त्यांनी कायदेशीर वेगळा मीटर, चांगलं वायरिंग आणि आठ-दहा प्लग बसवले आणि वाजवी पैसे घेतले, तर रात्रीची रिकामी जागा पंधरा-वीस घरांच्या रोजीरोटीला हातभार लावू शकते. रमजानमध्ये तरावीहपासून सहरीपर्यंत गाडी तिथेच उभी असते, तेवढ्या वेळात रिक्षा पूर्ण भरते. जागा वक्फची असेल तर आवश्यक परवानग्या आधी घ्याव्यात.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मालकाला आपल्या घराच्या किंवा कार्यालयाच्या वीज जोडणीवर आपली गाडी चार्ज करता येते. समितीशी भांडण्याऐवजी वायरिंगचा नकाशा, मंजूर भार आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र घेऊन अर्ज द्या. लेखी अर्जाला लेखी उत्तर मागा.

गॅरेज चालवणाऱ्या आपल्या भावांसाठीही ही वेळ महत्त्वाची आहे. इलेक्ट्रिक गाडीत ऑइल बदलणं नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. पण ब्रेक, सस्पेन्शन, टायर, वायरिंग, कूलिंग, एसी ही कामं आहेतच, आणि बॅटरीचं निदान हे नवं काम आहे. ४०० व्होल्टची डीसी वीज जीवघेणी असते, त्यामुळे बघून बघून शिकण्याचा हा विषय नाही. घरातला एक मुलगा किंवा मुलगी आयटीआय वा मान्यताप्राप्त केंद्रातून हे शिकली तर दुकान पुढची वीस वर्षं चालेल.

गाडी बुक करण्याआधी पुढचे प्रश्न कागदावर लिहून विक्रेत्यासमोर ठेवा.

- बॅटरी किती युनिटची आणि कोणत्या प्रकारची?
- गाडी एसीवर किती किलोवॅट घेते, डीसीवर जास्तीत जास्त किती?
- सॉकेट सीसीएस-२ आहे का?
- व्यावसायिक वापरात बॅटरीची वॉरंटी किती, आणि फास्ट चार्जिंगची अट काय?
- माझ्या रोजच्या रस्त्यावर चालू स्थितीतले किती चार्जर आहेत?

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथे प्लग आहे का? याचं उत्तर 'हो' असेल तर फास्ट चार्जर अडीअडचणीला धावून येणारा चांगला सोबती आहे. उत्तर 'नाही' असेल तर आधी प्लगची सोय करा, गाडी नंतर घ्या.